भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांचे मातीचे पेशंट

मातीच्या ढिगाऱ्याशी इतक्या अदबीने वागणारा माणूस आख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. आमच्या ह्यांचे मित्र, हॅरोचे डॉक्टर, पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत भूल देत होते. रिटायर झाल्यावर लोक बागेत टोमॅटो लावतात; डॉक्टरांनी मध्य आशियातल्या जुन्या व्यापारी वाटांवरचे पडके बौद्ध विहार आणि स्तूप पाहायला घेतले. अवशेष हा शब्द त्यांना चालत नाही, ते पेशंट म्हणतात. भिंतीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "स्टेबल आहे." एखाद्या स्तूपावर नव्या कोऱ्या विटा चढवलेल्या दिसल्या की, "ओव्हरडोस." बोलणं असं संथ की एकदा ट्रेनमध्ये त्यांनी शेजारच्या गोऱ्याला गांधार शैली समजावली, तो बिचारा वेम्ब्लीला उतरायचा तो थेट शेवटच्या स्टेशनवर, आल्डगेटला जागा झाला.

बावीस वर्षांपूर्वी मीही त्यांच्या ग्रुपबरोबर उझबेकिस्तानात तिर्मिझला गेले. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे छप्पन्न. आपल्याला फार कळतं असं वाटण्याचं वय. अजिंठ्यासारखं काहीतरी असणार, फोटोत शोभायला हवं, म्हणून पैठणी नेसले, पायात टाचांच्या सँडल, पर्समध्ये हळदकुंकू. समोर पाहते तर मैलभर नुसती माती. शेवटी एक घुमटासारखा नीटस उंचवटा सापडला. त्याला हळदकुंकू वाहिलं आणि प्रदक्षिणा सुरू केल्या. "इथे कशी एक ऊब जाणवते," असं डोळे मिटून म्हणालेसुद्धा. डॉक्टर मुकाट्याने मागून चालत होते. पाचव्या प्रदक्षिणेला एक बाई आली, तिने माझ्या स्तूपावरचं झाकण काढलं, आत हात घातला आणि गरम रोटी बाहेर काढली. राखणदाराच्या घरचा तंदूर तो.

"अहो डॉक्टर, मला थांबवायचं नाही का?"

"वहिनी, तुम्हाला भूल छान चढली होती. मधेच कशाला उठवायचं?"

त्या बाईने हळद बोटाने चाखून पाहिली, मसाला बरा वाटला असावा, कारण मला दोन रोट्या मिळाल्या.

एवढं फिरूनही डॉक्टरांची एक जागा राहिली, ताजिकिस्तानातलं अजिना तेपे. तिथे मातीचा एक प्रचंड बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला सापडला होता. तुकड्या-तुकड्यांनी तो राजधानीच्या म्युझियममध्ये नेला. तो डॉक्टरांनी पाहिला, पण पुढचा रस्ता तेव्हा बर्फाने बंद होता. "पेशंट पाहिला हो वहिनी, बेड पाहायचा राहिला." आणि गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. ब्रॅकनेलला आयटीत असलेली मुलगी राहायला आली आणि पहिल्या दिवशी तिने पासपोर्ट ताब्यात घेतला.

"बाबा, तुम्हाला मी एकटं क्रॉयडनलासुद्धा सोडणार नाही."

"क्रॉयडनला आहे काय पाहायला?"

डॉक्टर हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले, चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, यंदा ग्रुपबरोबर तुम्ही जाता का? मला फोनवर दाखवा." इतक्या वर्षांत ह्या माणसाने आमच्याकडे साधी साखरही मागितली नव्हती.

गेले. मी, अजिना तेपेला, गुडघ्यांना पट्टे बांधून. गवताने भरलेल्या बुटक्या मातीच्या भिंती, लांबवर कापसाची शेतं. व्हिडिओ कॉल लावला.

"वहिनी, मला फक्त तुमची हनुवटी दिसतेय."

फोन फिरवला. त्यांच्या मांडीवर जुना नकाशा होता. "पुढे. आता डावीकडे. अजून थोडं. थांबा."

थांबले. समोर एक लांबट, रिकामी जागा, पेशंटचा बेड. एक शेळी चरत होती, बाकी काही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"डॉक्टर?"

"आहे मी. हलू नका."

मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, चहा थंड झाला." मग खुर्ची ओढल्याचा आवाज. तीही शेजारी बसली असावी. शेळी निघून गेली, वारा आला, गवत हललं. माझा हात भरून आला होता. फोन मात्र मी खाली घेतला नाही.