हळदीच्या मांडवात पुस्तकाचा नंबर

माझी आत्या दिघाशीला राहते आणि लग्नांत धवला, म्हणजे विधींची गाणी, गाते. आमच्याकडे हळदीपासून पुढचा प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतो; ती थांबली की लग्न थांबतं. आत्याला लिहिता-वाचता येत नाही, पण गाणी सगळी तोंडपाठ. मी भिवंडीत शाळेत मराठी शिकवते. चार वर्षं रविवारी तिच्याकडे जाऊन मी ती गाणी मोबाईलवर टिपली, कागदावर उतरवली आणि ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने त्यांचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर आत्याचा फोटो, गाता गाता काढलेला, तोंड उघडं.

पुस्तक ऑनलाइन दुकानात लागलं आणि तिथेच पडून राहिलं. महिनाभरात जेमतेम सात-आठ प्रती गेल्या, त्यातल्या दोन मीच मागवलेल्या. प्रकाशक म्हणाले, "बाई, लोकगीतांच्या यादीत मुळात पुस्तकं कमीच खपतात. एकाच दिवशी पंचवीस-तीस जणांनी घेतलं तरी आपण वर येऊ. वर आलो तर अनोळखी माणसाला दिसू."

मी सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली. अंगठे आले, फुलं आली, "अभिमान वाटतो मॅडम" आलं. शाळेतल्या एका बाईंनी तर लिहिलं, "माझी प्रत सहीसकट आणा हं!" विकत कोणी घेतलं नाही.

हे मी आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका दिवसात तीस मानसां पायजेत ना? शुक्रवारी पूर्ण्याला हलद हाय. तू ये."

पूर्ण्याच्या लग्नाच्या हॉलमध्ये चारेकशे माणसं होती. मोठ्या स्क्रीनवर नवरा-नवरीचे फोटो फिरत होते. नवऱ्याला पाटावर बसवलं, हळदीची वाटी आली, आत्याने दोन कडवी म्हटली आणि ती गप्प झाली. लोकांना वाटलं, घसा बसला. कोणीतरी पाणी आणलं. पाणी पिऊन तिने माईक हातात घेतला आणि म्हणाली, "माज्या भाचीनं माजी गानी पुस्तकात घातलीन. मोबाईल काढा नि मागवा."

मी खांबामागे सरकले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

नवऱ्याचा मामा पुढे आला. "आये, आदी हलद तरी लागूंदे."

"लागंल रं. हलद काय पलून जाते? फुकट मागत न्हाय मी. पुस्तक देतंय."

"मंग पुस्तक हितंच आनायचं होतं! हातोहात घेतलं असतं."

"हितं घेतलं तं नंबर येत न्हाय," आत्या ठामपणे म्हणाली. माझ्याकडून ऐकलेलं तिने असं काही सांगितलं, की जणू ते दुकान तिचंच होतं.

हॉलमध्ये हशा पिकला. डीजेवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने माझ्याकडून लिंक घेऊन पुस्तकाचं पान सरळ स्क्रीनवर लावलं आणि ओरडला, "चलो भाई, दूल्हा ठंड में बैठा है, जल्दी ऑर्डर करो!" नवऱ्यानेच पाटावरून हात वर करून आपला फोन मागवला. मग बायका उठल्या. नवऱ्याला लावायला हळदीत बुडवलेल्या पिवळ्या बोटांनी स्क्रीन दाबता येईना म्हणून पदराला हात पुसून त्या ऑर्डर करत होत्या. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी मी खांबामागून बाहेर आले. पत्ता भरून देता देता माझी लाज कुठे गेली, कळलंही नाही. मनासारख्या ऑर्डरी झाल्यावर आत्याने तिसरं कडवं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पुस्तक लोकगीतांच्या यादीत पहिलं होतं. मी रिक्षाने दिघाशी गाठली आणि आत्याला फोन दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "माज्या वर कोन हाय?"

"कोणी नाही."

"न्हायच!" ती म्हणाली आणि शेजारणीला हाक मारायला बाहेर गेली.

पहिला नंबर चार दिवस टिकला. मग आम्ही तिसरे, नववे, आणि पुढे पहिल्या पानावरूनच गेलो. मला वाईट वाटलं. आत्या म्हणाली, पुढल्या महिन्यात मानकोलीला दोन लग्नं आहेत.

पण त्याआधीच, प्रकाशकाकडून माझा नंबर घेऊन, पुण्याहून एका बाईंचा फोन आला. माहेर उरणचं, लग्न होऊन कायमच्या पुण्यात. मुलीचं लग्न ठरलेलं, धवला गाणारं कोणी उरलेलं नाही, आणि शोधताना यादीत सगळ्यात वर आत्याचा चेहरा दिसला. "शब्द मिळाले हो," त्या म्हणाल्या, "पण चाल कुठून आणू?"

मी फोन स्पीकरवर टाकून आत्यापुढे धरला. आत्याने गायला सुरुवात केली. पलीकडे बाई मागोमाग म्हणत होत्या, अडखळत होत्या, मध्येच रडतही होत्या.

"रडू नको बाय, सूर मोडतंय," आत्या म्हणाली. "पयल्यापासनं घे."

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी ही शिकवणी चालली. लग्नाला आत्या गेली, पण पाव्हणी म्हणून. हळदीला त्या बाई आणि त्यांची बहीण दोघींनीच सगळे धवले म्हटले, आणि आत्या पहिल्या रांगेत बसून चुकलेल्या जागी मान हलवत होती.