काळा पडलेला नवाब

नवाबानं भर दुपारी डोळे मिटले, तेव्हाच कडूबाईला कळायला हवं होतं. सरडा दिवसा झोपत नाही. आणि नवाबासारखा रंग बदलणारा, फांदीला चिमट्यासारखे पाय लावून डुलत चालणारा सरडा तर नाहीच नाही. त्याचा एक डोळा पुढं बघत असला की दुसरा त्याच वेळी मागं फिरत असायचा. कडूबाई म्हणायची, माझ्या नवाबाचा एक डोळा माजलगावात अन् दुसरा हैदराबादेत. त्या दुपारी मात्र दोन्ही डोळे मिटलेले होते आणि खोल गेले होते. पत्र्याच्या खोलीत आढ्याला टांगलेल्या बाभळीच्या फांदीवर तो मुकाट बसून होता. कडूबाईला वाटलं, म्हातारा झाला असेल. आपणही जेवल्यावर पेंगतोच की.

कडूबाईचं घर दिंद्रुडच्या बाहेर, कालव्याच्या कडेला. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा हनुमान पुण्याकडं गाडीवर होता आणि सणावाराला फोन करायचा. तिच्या भोवती उरल्या होत्या शेळ्या आणि तिचं नाव. नाव मात्र मोठं होतं. बैल लंगडला, गाय उठेना, बोकडानं चारा सोडला, की पंचक्रोशीतली माणसं जनावर घेऊन तिच्या दारात यायची. ती विळा चुलीत लाल करायची, जनावराच्या अंगावरून हात फिरवून जागा शोधायची आणि विळ्याचं टोक नेमकं तिथं टेकवायची. यालाच डाग देणं म्हणतात. कडूबाईचा हात हलका, असं लोक म्हणायचे. ज्यांना तो हात लागला त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि डाग काही फक्त जनावरांना नव्हता. तान्ह्या लेकराचं पोट फुगलं, दूध अंगी लागेना, की आयाबाया लेकरू गोधडीत गुंडाळून तिच्याकडं आणायच्या. तिच्या स्वतःच्या पोटावर तिच्या आईनं दिलेले डाग होते. आपण जगलो म्हणजे डाग खरा, एवढा तिचा हिशोब सरळ होता. जी लेकरं जगली नाहीत, त्यांचं आयुष्यच तेवढं, असं ती म्हणायची आणि राख सावरून शेळ्यांमागं जायची.

अशा बाईनं सरडा पाळावा याचं गावाला नवल वाटायचं. मागच्या पावसाळ्यात बांधावर पोरं त्याला दगड मारत होती. सरडा दिसला की आपल्याकडं दगड उचलायचा हे पोरांना शिकवावं लागत नाही. कुणी म्हणतं तो विषारी, कुणी म्हणतं त्याची नजर वाईट. कडूबाईनं पोरांना शिव्या हासडल्या आणि त्याला पदरात घालून घरी आणलं. का आणला म्हणून विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. पोरांच्या दगडांना आणि घारींना भिऊन तिनं त्याला घरातच ठेवलं. खिडकीला पोतं लावलं. नाकतोडे आणून द्यायची, वाटीत पाणी ठेवायची आणि रात्री भाकरी खाताना त्याच्याशी शेळ्यांच्या चहाड्या करायची. जीव लावला म्हणजे असा लावला की त्याला उन्हाचा कवडसाही लागू दिला नाही.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात. नवाबाचं मुंगीच्या पायानं आलं. आधी त्याचे पुढचे पाय वाकले, ओली काडी वाकावी तसे. मग जीभ चुकायला लागली. नाकतोड्याकडं फेकलेली जीभ अर्ध्यातच पडायची आणि तोंडाबाहेर लोंबत राहायची. वाटीतल्या पाण्याला तर त्यानं कधी तोंडच लावलं नव्हतं. एका सकाळी कडूबाईनं बोट पुढं केलं, तर नेहमी घट्ट धरणाऱ्या त्याच्या पायांनी ते धरलंच नाही. तो फांदीवरून खाली पडला आणि पडल्या जागी निजून राहिला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते; याची तर भिंतीपर्यंतसुद्धा राहिली नव्हती.  हा मेला तर या घरात आपण कुणाशी बोलायचं, एवढंच कडूबाईला सुचत होतं.

त्याच सकाळी गावातली सारजाबाई कालव्यावरून आली. तिच्या सुनेला, प्रियदर्शनीला, मुलगा झाला होता. पहिलाच नातू.

"अंगाला लागंना गं लेकरू," सारजाबाई म्हणाली. "आता तर रडायचाबी कटाळा करतंय. डाग द्यावा म्हंते."

पितरं चालू होती. पितरांत लेकराला डाग द्यायचा नाही, हा कडूबाईच्या आईचा नेम होता आणि तो तिनं कधी मोडला नव्हता. घट बसले की आण, असं तिनं सांगितलं. सारजाबाई बरं म्हणून गेली. जनावराला मात्र पितरांची आडकाठी नव्हती.

सारजाबाईची पाठ फिरताच कडूबाईनं विळा चुलीत सारला. पाय वाकला की सांध्यावर डाग, हे ती शेकडो वासरांना करत आली होती. नवाब एवढासा, म्हणून तिनं विळा ठेवला आणि पोतं शिवायचा दाभण तापवला. डाव्या हातात त्याला धरलं. तो फिकट हिरवा होता, आजारानं जरा मातकट झालेला. तिनं दाभण त्याच्या पुढच्या पायाच्या मुळाशी टेकवला.

तो ओरडला नाही. सरड्याला ओरडता येत नाही. तोंड मात्र उघडं पडलं, आणि डाग दिलेल्या जागेपासून काळा रंग निघाला. तो मानेवर चढला, पाठीवर गेला, शेपटीच्या टोकापर्यंत पोचला. तिच्या मुठीत बघता बघता तो सगळाच्या सगळा कोळशासारखा झाला. कडूबाईनं आयुष्यभर डाग दिले होते. शेळ्या ओरडायच्या, लेकरं ओरडायची, आणि ओरडणं थांबलं की झालं असं ती समजायची. इथं ओरडणं नव्हतंच, म्हणून थांबणंही नव्हतं. दिवस मावळला तरी तो काळाच होता. दुसऱ्या दिवशीही काळाच. तिला त्याच्याकडं बघवेना आणि नजरही काढवेना. ती घाबरली होती, आणि आपण कशाला घाबरलो हे तिला नीट कळत नव्हतं.

शेळ्यांना लस टोचायला जनावरांचा डॉक्टर आला तो अशात. हरिओम त्याचं नाव, वस्त्यांवर मोटारसायकलनं फिरणारा तरणा माणूस. कडूबाईनं पदराआडून नवाब पुढं केला. हरिओमनं बराच वेळ त्याला उलटापालटा करून पाहिला, जबडा बोटानं हलकेच दाबला. तो रबरासारखा मऊ लागला. आधी त्यानं सांगितलं की हा रानातला जीव आहे, घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. मग तो म्हणाला की याला ऊनच मिळालं नाही, आणि उन्हावाचून याची हाडं धरत नाहीत. पाणीसुद्धा हा वाटीतलं पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. डोळे खोल गेलेत ते तहानेनं. एवढं सांगताना त्याचं बोट पायाच्या मुळाशी आलं आणि थांबलं.

"मावशी, हे काय केलं?"

 त्यानं जखमेला लावायला मलम दिलं, अंगणातल्या झाडावर सोडा म्हणाला, जगला तर नशीब. तो निघाला तेव्हा कडूबाईनं त्याला थांबवलं.

"शेरडंबी डाग दिल्यावर अशीच काळी पडत असतील का रं?"

"त्यांच्या कातडीला रंग बदलता येत न्हाई मावशी," हरिओम म्हणाला. "दुखतं तेवढंच."

तिनं नवाबाला अंगणातल्या सीताफळावर सोडलं. फुटक्या मडक्याला बारीक भोक पाडून वर टांगलं, म्हणजे पानांवर पाणी ठिबकत राहील. शेळ्या जवळच्या बांधावर चारल्या आणि हातात काठी घेऊन पोरांवर लक्ष ठेवलं. पितरं चालू होती तोवरच नवाबाचे डोळे वर आले, फिरायला लागले. पाय वाकडेच राहिले, पण पकड आली. एका सकाळी तो पुन्हा हिरवा दिसला. सगळा हिरवा, फक्त पायाच्या मुळाशी एक काळा ठिपका तसाच. ऊन असो, सावली असो, अंगाचा रंग बदलायचा. तो ठिपका बदलायचा नाही. कडूबाई रोज आधी तो ठिपका बघायची. घट जवळ येत चालले तशी ती कालव्याच्या वाटेकडं पुन्हा पुन्हा बघू लागली.

घट बसले त्या दिवशी सारजाबाई दारात आली. मागं प्रियदर्शनी, डोक्यावरून पदर, छातीशी गोधडी. कडूबाईनं गोधडी बाजूला केली. लेकराचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि खोल गेले होते. तिनं आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं. तान्हं लेकरू कितीही दुखण्यात असलं तरी बोट धरतं. यानं धरलं नाही.

 हे कडूबाईनं पाहिलेलं होतं, आणि नवाबाच्या आधीही पाहिलेलं होतं. कितीदा, ते आठवायला तिचं मन धजेना.

"मी डाग देणार न्हाई," ती म्हणाली. "माजलगावला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

"सगळ्या मुलखाला दिलास," सारजाबाई म्हणाली, "अन् माझ्याच नातवाला कावून न्हाई?"

 कडूबाईनं सरड्याचं नाव काढलं तेव्हा सारजाबाईचं तोंड वाकडं झालं. म्हातारीला चळ लागलाय म्हणत ती सुनेला घेऊन निघाली. दवाखान्याच्या वाटेनं नाही, कालव्यापलीकडं छबुबाईच्या वस्तीकडं. छबुबाईही डाग द्यायची. तिला विळा कसा धरायचा ते कडूबाईनंच शिकवलं होतं.

पलीकडं छबुबाईच्या चुलीचा धूर दिसत होता.  कडूबाईनं सीताफळाची फांदी नवाबासकट मोडली आणि चालू पडली. वाटेत भेटलेली माणसं तिच्या हातात काय आहे ते बघून बांधाखाली उतरली.

छबुबाईच्या अंगणात गर्दी होती. पितरांमुळं अडलेली लेकरं घेऊन आया ओळीनं बसल्या होत्या. सारजाबाईचा नातू गोधडीवर उघडा निजवला होता. छबुबाईनं चुलीतून विळा काढला तो लालभडक. कडूबाई मधे घुसली आणि तिनं फांदी पुढं धरली.

"याला मी डाग दिला," ती म्हणाली. "बघा काय होतंय ते."

ती ठिपका दाखवणार होती. त्याची गरज पडली नाही. विळा जवळ आला आणि नवाबाचे दोन्ही डोळे, एरवी दोन दिशांना फिरणारे, एकाच जागी खिळले. मानेपासून काळा रंग निघाला. कुणी त्याला हात लावला नव्हता. सगळ्या बाया बघत होत्या आणि तो शेपटीपर्यंत काळा होत गेला.

प्रियदर्शनीनं त्याच्याकडं पाहिलं, मग गोधडीवरल्या आपल्या लेकराकडं. लेकराचा रंग होता तसाच होता. तिनं वाकून त्याला उचललं, पदरात घेतलं आणि ती सडकेकडं चालू लागली. सारजाबाईनं हाका मारल्या. तिनं मागं पाहिलं नाही. तिला जायला उशीर झाला होता का, हे अंगणातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सडकेवर माजलगावकडं जाणारी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, एवढंच.

 विळा निवला होता, म्हणून छबुबाईनं तो पुन्हा चुलीत सारला. ओळीतली पुढची बाई आपलं लेकरू घेऊन गोधडीकडं सरकली. कडूबाई फांदी तशीच पुढं धरून चुलीच्या अन् गोधडीच्या मधे उभी होती, ती जागची हलली नाही.