मोरीतली रांगोळी

घरात झाकणं कशी जमत जातात बघा. त्यांची भांडी कुठे गेली कोणालाच ठाऊक नसतं, झाकणांचा ढीग मात्र वाढतोच! आमच्या लेंडी मंडळाचे किस्से तसेच जमलेत.

हो, लेंडी मंडळच! पनवेलबाहेरच्या डोंगरावर कांडेचोरं राहतात. म्हणजे उदमांजरं. रात्री फळं खातात आणि कातळावर विष्ठा टाकून जातात, बियांसकट. त्या विष्ठेतला डीएनए तपासला की कोण कोणाचा नातलग ते कळतं. खारघरची रेवती त्यावर पीएचडी करतेय. गोळा करायला माणसं हवी होती, आम्ही तिघं म्हातारे उभे राहिलो. मी, बँकेतून रिटायर झालेले बेंजामिनभाऊ, आणि ज्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत ते जनार्दन म्हात्रे.

मी सातवी पास. जीन, क्रोमोझोम सगळं स्वतः वाचून शिकले. हसायचं त्याने हसावं, मग माझ्यासमोर बसून परीक्षा द्यावी!

* * *

लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरची बाई म्हणाली, "आजी, रोज पहाटे देवळात ना? परडीत फुलं असणार!"

मी परडी पुढे केली. "बघा की, ताजीच आहेत!"

हल्ली ती जिन्याने जाते. गुडघे सुधारलेत म्हणे तिचे!

* * *

नमुने बेंजामिनभाऊंच्या फ्रीजरमध्ये असतात. त्यांचं निम्मं कुटुंब इस्रायलला गेलंय. एकदा तिकडची पुतणी आली, तिने फ्रीजर उघडला आणि किंचाळलीच, "काका! चिक्की! किती वर्षांनी बघतेय!"

बियांनी गच्च भरलेला तो तुकडा दिसायचा तसाच. भाऊ शांतपणे म्हणाले, "ठेव खाली. ती डोंगरावरची आहे."

"म्हणजे ऑरगॅनिक?"

* * *

रेवतीला डोंगराची तुलना बेटाशी करायची होती. जनार्दनभाऊंची बहीण करंजा बंदरापलीकडच्या एका बेटावर दिलेली. तिथल्या रानातले नमुने तेच होडीने आणायचे.

रिपोर्ट आला. बेटावरची सगळी कांडेचोरं एकमेकांची अगदी जवळची नातलग! चारी बाजूंनी पाणी. बाहेरचं कोणी येत नाही, आतलं कोणी जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच ते जीन घुसळत बसायचं. एखादी साथ आली की सगळी एकदम आडवी!

"पण एक नर वेगळा आहे!" रेवती नाचायचीच बाकी होती. "तो आपल्या डोंगरावरचा आहे! आजी, तो खाडी पोहून गेला असेल? केवढा मोठा शोध आहे हा!"

मी टाळीच वाजवली. बेंजामिनभाऊंनी चष्मा पुसला. जनार्दनभाऊ मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"जनार्दनभाऊ?"

"पोवून नाय गेला त्यो," ते म्हणाले. "माज्या वाडीतले चिकू खायचा. पिंजऱ्यात धरला नि होडीनं बहिनीकडं सोडून आलो. जवल सोडला तर परत येतो ना!"

रेवतीने कपाळावर हात मारला. जनार्दनभाऊंनी वर विचारलं, "तिकडं त्याचं लगीन झालं का?"

* * *

आता खरी गंमत. आमच्या डोंगराला लागून मोठा रस्ता झाला. पलीकडे उरलेलं रान, अलीकडे डोंगर, मध्ये दिवसरात्र कळंबोलीचे ट्रक.

जनार्दनभाऊ एकदम म्हणाले, "म्हंजे ह्यो रस्ता बी खाडीच हाय! नि आपला डोंगर बेट!"

मी तर उडालेच! बरोबर! पाणीच लागतं असं कुठंय? तरीही दोन्ही बाजूंची कांडेचोरं एकमेकांच्या नात्यातली निघाली. कारण रस्त्याखाली एक मोरी होती, माणूस वाकून जाईल एवढी. तिच्यातून त्यांचं येणंजाणं चालायचं.

आणि तिलाच जाळी बसणार होती! कुत्री शिरतात, कचरा अडकतो म्हणून. मोरी बंद झाली की आमचा डोंगरही त्या बेटासारखाच होणार.

आम्ही रस्त्याच्या इंजिनिअरला गाठलं. रेवतीने रिपोर्ट दाखवला.

"हे जीनबिन मला कळत नाही," तो म्हणाला. "कोणी पोत्यात घालून नेलं नसेल कशावरून?"

आम्ही तिघांनी जनार्दनभाऊंकडे बघितलं. त्यांनी आभाळाकडे!

"आजी, एक जनावर तिथून गेलेलं दाखवा. उद्या सकाळी जाळी बसतेय."

"दाखवते!" मी म्हटलं. कसं दाखवणार होते, देव जाणे!

* * *

रिक्षात बसले आणि सुचलं. वाटेत रांगोळीची पोती घेतली. दिवस मावळायच्या आत बेंजामिनभाऊंनी मोरी झाडली, रेवती वाकून पीठ चाळावं तशी रांगोळी चाळत गेली. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, पांढरीशुभ्र!

"डिझाइन काय काढू?" जनार्दनभाऊंनी विचारलं.

"काही नको. डिझाइन तीच काढतील."

सकाळी पोचलो तर इंजिनिअर आधीच हजर. पाठीमागे टेम्पो, दोन कामगार जाळी खांद्यावर घेऊन मोरीकडे निघालेले. वाकायचा धीर होईना.

इंजिनिअरच वाकला. टॉर्च लावला. बराच वेळ वर बघेना.

मग रस्ता ओलांडून गेला, पलीकडच्या तोंडातून वाकून बघितलं, परत आला.

"आजी, ही मोठी पावलं..."

"आईची."

"आणि मागची ही बारकी?"

"तुम्हीच सांगा."

तेवढ्यात पुढच्या कामगाराने मोरीत पाय टाकायला उचलला. इंजिनिअर केवढ्यांदा ओरडला!

"अरे ए! मागे हो! जाळी टेम्पोत टाक! दिसत नाही, रांगोळी काढलीय?"