अंदाजवहीतला चौथा एलिमेंट

संशोधन करणाऱ्यांच्या खोलीत धूळ आणि किस्से न बोलावता येतात. धूळ आम्ही शनिवारी झाडत असू. किस्से कोणी झाडले नाहीत, म्हणून दोन वर्षांत एवढे साचले. मी अमरावतीत एम.टेक. करत होते, तेव्हाचे हे काही. शक्य तितके जसेच्या तसे लिहिते आहे. जिथे शब्द नेमके आठवले नाहीत, तिथे माझा सहाध्यायी गजानन याला विचारले. गजाननवर किती विसंबावे, हे पुढे कळेलच.

*

आमचे काम असे : यंत्राचा एखादा भाग संगणकात लहान लहान तुकड्यांत विभागायचा आणि भार दिल्यावर ताण कुठे येतो ते पाहायचे. या तुकड्याला एलिमेंट म्हणतात. लांबट भागाला बीम, पत्र्यासारख्या पातळ भागाला शेल, ठोकळ्यासारख्या जाड भागाला सॉलिड. निवड चुकली तरी उत्तर येतेच, आणि तितकेच रंगीत येते. धोका तोच.

म्हणून आमच्या सरांनी एक वही ठेवली होती. तिला सगळे अंदाजवही म्हणत. संगणक सुरू करण्याआधी त्या भागाचे चित्र हाताने काढायचे, तो किती वाकेल याचा अंदाज वहीत लिहायचा, मगच पुढे जायचे. रकाने चार : भागाचे नाव, एलिमेंट, अंदाज, उत्तर. एकही चौकट रिकामी ठेवायची नाही.

गजाननने पहिल्याच दिवशी अंदाजाच्या रकान्यात लिहिले, "खूप वाकेल."

सरांनी चष्मा वर केला. "खूप हे एकक कोणत्या पद्धतीतले?"

"सर, तेल्हाऱ्याच्या," गजानन म्हणाला. तो तेल्हाऱ्याचा.

*

एलिमेंटची निवड आमच्या इतकी अंगात भिनली, की मेसमध्येही वाद होऊ लागले. शेवग्याची शेंग बीम, वांगे सॉलिड, भाकरी शेल, इथपर्यंत एकमत होते. बेसनाच्या पातोडीवर मात्र दोन जेवणे गेली. ती जाड म्हणावी की पातळ, हे तिच्या लांबीशी ताडून ठरवावे लागेल, असे माझे म्हणणे होते आणि मी खिशातून पट्टी काढली होती.

"काहून मोजून राहिली तू?" गजानन वैतागला. "खाय ना गुमान." मग त्याने स्वतःच ताटातली भाकरी उचलून पाहिली. "बरं, भाकर फुगली त मग?"

मी सांगितले, "फुगेपर्यंत एक शेल. फुगल्यावर दोन."

वाढणाऱ्या मावशींनी त्या दिवसापासून आमच्या टेबलावर भाकरी शेवटी आणायला सुरुवात केली.

*

माझ्या प्रबंधाचा विषय अकोल्याहून आला. तिथे ओळखीच्या भास्करकाकांचे मळणी यंत्रांचे वर्कशॉप आहे. यंत्रातली चाळणी ज्या पोलादी पट्ट्यांवर टांगलेली असते, त्यांतली एक पट्टी लागोपाठ दोन हंगाम तडकली होती. हरभरा यायच्या आत उपाय हवा होता. तिसऱ्यांदा तडकली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, असे काका म्हणाले. आणि उपाय सापडला नाही तर माझा प्रबंध कुठे जाईल, हे कोणी म्हणाले नाही.

गजाननने सल्ला दिला, "टेट्राहेड्रन घे. एका बटणात जाळी तयार, कोणताबी आकार असो."

टेट्राहेड्रन म्हणजे चार टोकांचा इवलासा पिरॅमिड. मी घेतला. पट्टीच्या टोकाला वीस किलो भार दिला. पट्टी जेमतेम एक मिलीमीटर वाकली, ताणही अगदी कमी. पट्टी सुरक्षित आहे, असा अहवाल मी सुबक बांधून अकोल्याला नेला.

काकांनी तो वाचला नाही. पट्टी वाइसच्या जबड्यात आवळली, तराजूजवळचे वीस किलोचे वजन आणून टोकाला टांगले, आणि खाली फूटपट्टी धरली. पाच मिलीमीटर.

ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरी, तुह्या कॉम्प्युटरले कोनी सांगतलं का, का हे पट्टी होय? थो तिले खांब समजून राहिला."

निदान अचूक होते. त्या साध्या पिरॅमिडला वाकणे नीट जमत नाही. पातळ पट्टीच्या जाडीत त्याचा एकच थर घातला, की पट्टी आहे त्याहून कितीतरी ताठ होते आणि ताण लपून राहतो. तिथे शेल हवा होता.

*

परत आल्यावर सरांनी अंदाजवही उघडली. माझ्या ओळीत अंदाज एक मिलीमीटर, उत्तरही एक मिलीमीटर.

"अंदाजही तेवढाच चुकला?" त्यांनी विचारले.

मला खोटे बोलता आले असते. मी म्हणाले, "सर, अंदाज मी उत्तर पाहून लिहिला होता."

गजानन खिडकीबाहेर पाहू लागला. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवले. म्हणाले, "ही ओळ खोडायची नाही. खाली खरी ओळ लिही. आणि इथून पुढे या पट्टीबाबत जो कोणी अंदाज करील, त्याची ओळ प्रबंधात जाईल. एकही गाळायची नाही."

*

शेल घेऊन केलेल्या मॉडेलमध्ये पट्टी पाच मिलीमीटर वाकली आणि ताण नेमका तडकण्याच्या जागी दिसला. मी पट्टी थोडी जाड केली, ती जिथे दुमडते त्या कोपऱ्याची गोलाई वाढवली. नवी पट्टी घेऊन सर आणि मी अकोल्याला गेलो.

काकांनी वजन उचलले, आणि खाली ठेवले. "पह्यले वहीत लिहा सारे. मंग लटकवतो."

मी लिहिले : टेट्राहेड्रन, पाऊण मिलीमीटर, हे मुद्दाम, तुलनेसाठी. शेल, दोन पूर्णांक नऊ. सरांनी हाताने गणित करून तीन लिहिले. काकांच्या पत्नी सुशीलाकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशा ठेवल्या, पट्टीचे टोक अंगठ्याने एकदा दाबले आणि सोडले.

"एक सूत," त्या म्हणाल्या.

सूत म्हणजे वर्कशॉपमधला इंचाचा आठवा भाग. काकांनी वजन टांगले. वाक मोजणाऱ्या गेजवर तीन पूर्णांक दोन मिलीमीटर आले. मी मनातल्या मनात सुताचे मिलीमीटर केले आणि पुन्हा एकदा करून पाहिले. दोन्ही वेळा तीन पूर्णांक दोनच.

काकू रिकामे कप गोळा करत होत्या.

वहीत त्यांची ओळ लिहिताना माझा हात एलिमेंटच्या रकान्याशी थांबला. चौकट रिकामी ठेवायची नव्हती. सरांनी पेन घेतले, एक शब्द लिहिला आणि वही मिटली.

*

माझी तोंडी परीक्षा हरभऱ्याचा हंगाम उलटल्यावर झाली. काका आणि काकू मागच्या बाकावर येऊन बसले होते. काकांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पट्टी होती. हंगामभर चालून आलेली. मी सकाळीच तिच्यावरून भिंग फिरवले होते. एकही चीर नव्हती. तरी मला धास्ती होती, कारण सांगितल्याप्रमाणे मी कोष्टकातली एकही ओळ गाळली नव्हती.

बाहेरून आलेले परीक्षक त्या पानावर थांबले. बोट ओळीओळीने खाली सरकले. टेट्राहेड्रन. शेल. हातगणित. मग बोट स्थिर झाले.

"हा चौथा एलिमेंट सर्वांत अचूक दिसतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मी याचे नाव ऐकलेले नाही. हा सुशीलाकाकू कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो?"

मी सरांकडे पाहिले. सर छताकडे पाहत होते.

मागच्या बाकावर बांगड्या वाजल्या. काकू पदर सावरून उभ्या राहिल्या.

"थे मी होय, साहेब."