मनगटावरचा शिक्का

"मैडम को फील्डवर्क की क्या ज़रूरत? जेल तो इनका मायका है।"

गुरुग्रामच्या आमच्या खासगी विद्यापीठात, भरल्या सभागृहात, विभागप्रमुख माइकवर असं बोलले. सगळे हसले. विद्यार्थी हसले, पाहुणे हसले. मी व्यासपीठावरच बसले होते. बोलून झाल्यावर सर माझ्या शेजारी येऊन टेकले आणि मराठीत म्हणाले, "अगं, गंमत केली यार. मनावर घेऊ नकोस."

सर मूळ पुण्याचे, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले. मी सोलापूरकडची. पारध्याची. हे त्यांना मुलाखतीतच कळलं होतं, आणि तेव्हापासून मी त्यांना हवी होते. त्या दिवशीच्या माझ्या भाषणाचा विषय त्यांनीच ठरवलेला: गुन्हेगारी रक्तात असते का? उदाहरण म्हणून मी माझंच घर सांगायचं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि ते वाढवणं सरांच्या हातात होतं.

माझं घर म्हणजे पाल. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलिसांची गाडी आमच्याच पालावर. बापाला न्यायचे. आई मला घेऊन चौकीबाहेर बसून राहायची. आतून आवाज यायचे. आई माझे कान दाबून धरायची, तरी यायचे. बाप सुटून आला की त्याला काही विचारायचं नाही, असा आमच्यात रिवाज होता. पाणी तापवून द्यायचं आणि त्याचं अंग शेकून होईपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून बसायचं.

पुढे संशोधन करताना मी दिल्लीच्या एका तुरुंगात बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचे. आत जाताना गेटवर मनगटावर शिक्का मारायचे. तो दाखवला तरच बाहेर सोडायचे. एका उन्हाळ्यात ओल्या फडक्याने फळा पुसता पुसता माझा शिक्काच पुसला गेला. शिपायाने मला बाजूला उभं केलं. ओळखपत्र होतं, तिथले सगळे ओळखतही होते, थोड्या वेळाने सोडलं. पण तेवढ्यात माझी बोबडी वळली. स्वतःचं नाव धड सांगता येईना.

वर्गातली शबनम हे गजांआडून बघत होती. पुढच्या तासाला तिने विचारलं, "मैडम, आप तो बाहर की हो। आप क्यों डर गईं?"

मी म्हटलं, "स्लेट निकालो।"

नंतर तिला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. मेट्रोत ऐकू येतो. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून येतो. अजूनही दारातून बाहेर पडताना मी मनगट बघते. शिक्का नसतो आणि मी पर्समध्ये ओळखपत्र शोधू लागते.

सभागृहात लोक हसत होते तेव्हाही मी मनगटच चाचपत होते. ते ध्यानात आलं आणि संताप आला. सरांचा आलाच, माझ्या त्या हाताचाही आला. मी उठून माइकपाशी गेले. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले.

"सर, जेल मेरा मायका नहीं है। मेरे बाप पर कभी कोई जुर्म साबित नहीं हुआ। फिर भी हर बार उसी को उठाया गया। मैं इसलिए डरती हूँ। यह भाषण मैं नहीं दूँगी।"

मी व्यासपीठावरून उतरले.

चहाच्या वेळी सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "चारचौघांत असं बोलतात का? पाहुण्यांना सॉरी म्हण, मग कॉन्ट्रॅक्टचं बघू."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

नोकरी जाईल बहुतेक. आतली भीती जाणार नाही, हेही मला माहीत आहे. बाप आता नाही. पण त्याच्याकडे पाठ करून बसणं यापुढे माझ्याने होणार नाही. जिथे शिकवीन तिथे, विद्यापीठात नाहीतर तुरुंगात, पहिल्याच तासाला फळ्यावर त्याचं पूर्ण नाव लिहीन. मग वर्गाकडे तोंड करीन आणि विचारीन, ह्याचा गुन्हा काय होता, सांगा.