बोंबलाचा वास

वरच्या मजल्यावरच्या बाई मला आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करायला नको.

माझं माहेर समुद्रकाठचं. फिरंग्यांच्या पडक्या किल्ल्याखाली आमचा कोळीवाडा, आणि शेजारी साहेबाचा जुना बंगला होता, त्याचं आता रिसॉर्ट झालंय. अर्धं पनवेल शनिवार-रविवारी तिथे लोळायला जातं. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून मी तिला कामोठ्याला माझ्याकडे आणलं. कायमचं. तिनेही हो म्हटलं होतं.

येताना तिने सुके बोंबील आणले. सुक्या मासळीला अधूनमधून ऊन दाखवावं लागतं, नाहीतर कीड लागते. तिने गॅलरीत सूप ठेवलं आणि थोड्याच वेळात बाई नाकाला पदर लावून दारात हजर. "काकू, हे सोसायटीत चालत नाही हं. वर आम्हाला बसवत नाही." पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गॅलरीचा फोटो. मी ग्रुपवरच त्यांना झाडलं. सेक्रेटरी समजूत घालायला आले, त्यांनाही सोडलं नाही.

आईला म्हटलं, "आत पंख्याखाली ठेव ना."

"मी नाय लपवीत. मासली हाय ती, चोरीचा माल नाय."

दिवाळी झाली आणि ती पिशवी भरून गावी निघाली. मी भांडले, रडले. ती थांबली नाही.

परवा बाईंचं स्टेटस पाहिलं. आमचाच किनारा, मागे बांबूंवर वाळणारे बोंबील, पुढे बाई गॉगल लावून. खाली लिहिलेलं, 'खरं कोकण'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक आईला फोन लावला.

"आलती ना," आई म्हणाली. "माज्याकडनाच बोंबील घेतलं. वास घेऊन घेऊन निवडलं. मावशी, मावशी करीत व्हती. मना वलखला नाय तिनी."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? गिराईक व्हती."

आज दुपारी वरून बोंबील भाजल्याचा वास आला. मी भांडायला म्हणून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. गॅलरीत आईचं सूप भिंतीला टेकून होतं, रिकामं. वर त्या बाई जेवत असतील. मला भूक लागली होती आणि आई हवी होती.