डोळे नसलेला नाग

आमच्या शेळगावच्या घरात नागपंचमीला विळी-सुरीला हात लावत नसत. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून दिंडं. कणकेच्या पुरीत पुरण, चारी बाजूंनी घडी, आणि वाफ.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. धाकट्या दिराच्या जुन्या वहीत त्या पेन्सिलीनं पदार्थ काढून ठेवत. दिंडांच्या पानावर आधी गोल, मग आत वळलेल्या कडा, मग चौकोन. कोपऱ्यात नाग, कारण एक दिंड त्याच्या वाटणीचं. त्याला डोळे नव्हते. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोळं काढलं की बघतो त्यो."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी थोरली सून, बारामतीला कॉलेज केलेली. त्या सकाळी घाईत एक मोठी पोळी लाटली आणि सुरीनं सरळ चौकोन कापले. वही समोरच उघडी होती. हातातलं तूप नेमकं त्या नागावर सांडलं. पुसलं, चाळण चुलीवर ठेवली, जावेला लक्ष ठेवायला सांगितलं आणि वारुळाला दूध घालायला गेले. वारुळापाशी एकही मुंगी नव्हती. दूध ओतलं तर मातीनं आवाज न करता पिऊन टाकलं.

परत आले तेव्हा सासूबाईंनी झाकण काढलं होतं. हातानं वळलेली कड मिटून राहते; कापलेली राहत नाही. सगळी दिंडं तोंड उघडून पडली होती.

"सुरी कुणी लावली गं?" त्यांनी चुलीजवळ बसलेल्या जावेकडं बघितलं. "पोटुशी हाईस, येवढंबी कळंना व्हय?"

जावेनं माझ्याकडं बघितलं. मी पाटावरचं पीठ झाडत राहिले.

पंधरा दिवसांनी तिचं पोट रिकामं झालं. सुरीमुळं होत नाही असं काही, मला माहीत होतं. पण घरात कुणी वेगळं बोललं नाही, आणि मीही नाही. त्यानंतर दर पंचमीला ती स्वयंपाकघराबाहेर, उंबऱ्यापलीकडं, हात मांडीत घेऊन बसायची. कुणी बस म्हणालं नव्हतं.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. पंचमीला मी वही काढली. तुपाचा डाग पिवळा पडला होता, आणि त्याच्याखाली नागाला दोन डोळे होते.

तुपकट कागदावर पेन्सिल उमटत नाही. मी शेजारच्या डागावर करून बघितलं, नुसती घसरते. म्हणजे डोळे तूप सांडण्याआधीचे. पण त्या सकाळी ते नव्हते. मी बघितलं होतं. माझ्या समोरच उघडी होती ना वही.

वही तशीच घेऊन उंबऱ्यापाशी गेले. "सुरी मी लावली होती," म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

जाऊ वहीकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय, अक्का. कणीक लागल्याली सुरी मीच धुतली की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हून." ती पुन्हा नागाकडं वळली. "ह्येला डोळं कवा काढलं?"

तिनं वही पालथी घातली, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आली.

"सरका. कड मी वळती."

त्या दिवशी एकही दिंड उघडलं नाही. नागाच्या वाटणीचं घेऊन वारुळाकडं तीच गेली. मी सोबत येते म्हणाले, तर नको म्हणाली.